मानवशास्त्राचा अभ्यासक आणि महाविद्यालयीन ग्रंथालय : ढोकी परिसराच्या निमित्ताने

९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, डॉ. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींविषयीचा आपला निबंध वाचला. सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर यांनी केलेल्या जातीच्या व्याख्या त्यांनी प्रथम एकापुढे एक मांडल्या, प्रत्येकीची उणीव दाखविली आणि त्यानंतरच स्वतःचा सिद्धान्त सांगितला. पूर्वसूरींनी काय लिहिले आहे ते पूर्ण तपासल्यावाचून बाबासाहेबांनी आपले मत मांडले नाही. हे तपासण्याचे स्थान म्हणजे ग्रंथालय होय.

समजा, ढोकी येथील एखाद्या विद्यार्थिनीला १९५६ नंतर आपल्या परिसरातील बौद्ध वस्तीच्या जीवनात झालेले परिवर्तन अभ्यासावयाचे आहे. लहान गावांतील महाविद्यालयांत मानवशास्त्राचा स्वतंत्र विभाग सहसा नसतो. त्यामुळे त्या नावाचे कपाट शोधणारा अभ्यासक रिकाम्या हाताने परततो. वास्तविक या विषयाचे ग्रंथ अनेक ठिकाणी विखुरलेले असतात. ड्यूई दशांश वर्गीकरणानुसार समाज, जात व संस्कृतीविषयक ग्रंथ ३०१ ते ३०६ या क्रमांकांत, रूढी ३९० मध्ये, लोकसाहित्य ३९८ मध्ये, बौद्ध धम्म २९४.३ मध्ये, तर भारताचा प्रादेशिक इतिहास ९५४ मध्ये सापडतो. जुन्या ग्रंथांवर ५७२ हा पूर्वीचा क्रमांकही आढळतो. म्हणून एकाच कपाटापाशी न थांबता या सर्व जागा पाहाव्यात.

यानंतरचा प्रश्न नावांचा आहे. धाराशिव जिल्ह्याचे नाव दीर्घकाळ उस्मानाबाद होते आणि त्यापूर्वी हा जिल्हा नळदुर्ग या नावाने ओळखला जाई. तालिकेत तिन्ही नावांनी शोध घ्यावा लागतो. शेजारच्या तेरसाठी ‘तगर’ आणि ‘थेर’ ही रूपेही पाहावीत. तेथील १९५८ च्या उत्खननाचा चापेकरांचा अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला. त्यामुळे त्याआधीच्या उस्मानाबादच्या आकड्यांत लातूरचा भाग मिसळलेला आहे, हे विसरता कामा नये. १९७२ चा जिल्हा गॅझेटिअर वाचतानाही हे ध्यानात ठेवावे.

याहून महत्त्वाची गोष्ट राज्याच्या सीमेची आहे. एन्थोवेन यांचे १९२० ते १९२२ या काळात निघालेले तीन खंड मुंबई इलाख्यातील जाती-जमातींविषयी आहेत. ढोकी त्या काळी निजामाच्या राज्यात होते. म्हणून येथील अभ्यासकाने सय्यद सिराज-उल-हसन यांचा हैदराबाद संस्थानातील जाती-जमातींवरील १९२० चा ग्रंथ पाहावा. जनगणनेचेही तसेच आहे : १९५१ चे आकडे हैदराबाद राज्याच्या खंडात, तर १९६१ चे महाराष्ट्राच्या खंडात मिळतील.

जनगणनेच्या स्तंभांत आपला समाज कोणत्या नावाने नोंदला आहे, याची चिकित्सा अत्यावश्यक आहे. महाराष्ट्रातील बौद्धांची संख्या १९५१ मध्ये सुमारे अडीच हजार होती, ती १९६१ मध्ये सुमारे २७ लाख ९० हजार झाली. या काळात धर्मांतरित बौद्धांची गणना अनुसूचित जातींत होत नव्हती. केंद्रीय कायद्यातील तशी दुरुस्ती १९९० मध्ये झाली. १९६१ च्या तक्त्यात एखाद्या गावातील अनुसूचित जातींचा आकडा घटलेला दिसला, तर माणसे गाव सोडून गेली असा निष्कर्ष घाईने काढणे चुकीचे ठरेल. तीच माणसे दुसऱ्या स्तंभात गेलेली असू शकतात. दोन्ही स्तंभ शेजारी ठेवून वाचले तरच धम्मदीक्षेचा सामाजिक अर्थ आकड्यांतून उलगडतो.

महाविद्यालयात ग्रंथ नसल्यास ग्रंथपालांकडे लेखक, शीर्षक, वर्ष व खंड यांसह लेखी मागणी करावी आणि आंतरग्रंथालयीन देवघेवीची चौकशी करावी. विद्यापीठाचे धाराशिव येथील उपकेंद्र, छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठ ग्रंथालय आणि बाबासाहेबांनी १९५० मध्ये तेथे उभारलेले, पुढे मिलिंद या नावाने ख्यात झालेले महाविद्यालय ही जवळची केंद्रे होत. मानवशास्त्राच्या विशेष संग्रहासाठी पुण्यातील डेक्कन कॉलेज उपयुक्त आहे; इरावती कर्वे यांचे अध्यापन तेथेच झाले. पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’ या संचयिकेत संगणकावर विनामूल्य वाचता येतात. प्रत्येक टिपणावर पृष्ठांक आणि ग्रंथालयाचे नाव तत्काळ लिहावे; नंतर ते आठवत नाही.

हे जुने ग्रंथ वाचताना आणखी एक सावधगिरी हवी. ते प्रायः शासनाच्या अधिकाऱ्यांनी लिहिले. ज्यांच्याविषयी लिहिले, त्यांचे स्वतःचे म्हणणे त्यांत क्वचितच आढळते. अपमानकारक वर्णन दिसले म्हणून ग्रंथ मिटवू नये आणि छापील आहे म्हणून तो प्रमाणही मानू नये. लेखक कोण, त्याने कोणाला विचारले, कोणाला विचारले नाही, हे प्रश्न त्या पानाला विचारावेत आणि गावातील वृद्ध स्त्री-पुरुषांच्या साक्षीशी त्याचा मेळ घालून पाहावा.

अखेरीस, बरेचसे साहित्य ग्रंथालयात नसतेच. विहाराच्या सभांची वही, जयंतीच्या पत्रिका, आजीच्या ओव्यांचे टिपण आणि दीक्षेच्या वेळचे छायाचित्र घरच्या पेटीत पडून असते व एका पावसाळ्यात नष्ट होते. संशोधन संपल्यावर अशा साहित्याची प्रत, मालकाच्या संमतीने, महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावी आणि तिची तालिकेत नोंद करवून घ्यावी. पुढे ढोकीचा दुसरा अभ्यासक तीच तालिका उघडील, तेव्हा त्याला आपल्या माणसांविषयी इतरांनी लिहिलेल्या शब्दांबरोबरच आपल्या माणसांचे स्वतःचे शब्दही सापडतील.