ओवीत उतरलेला ख्रिस्त

जत तालुक्यातल्या माणसाला ख्रिस्ती धर्म पहिल्यांदा भेटतो तो दवाखान्यात. घरातलं दुखणं हाताबाहेर गेलं की वडीलधारे म्हणायचे, 'आता मिरजेला न्या', आणि मिरजेला म्हणजे मिशन हॉस्पिटललाच. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉन्लेस १८८९ साली भारतात आले आणि १८९४ साली त्यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केलं. पुढे वैद्यकीय शिक्षण आलं, कुष्ठरोग्यांची सोय झाली, क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभं राहिलं. सांगली-मिरजेच्या मधली वानलेसवाडी त्यांच्याच नावाची. आमच्या दुष्काळी भागातल्या कितीतरी घरांनी त्या दवाखान्याच्या ओसरीवर भाकरी सोडून खाल्ली आहे. पण ज्या धर्माने ती माणसं इतक्या लांब आणली, त्याची चौकशी आपण फारशी केली नाही. मला ती ओढ लागली, तीही भजनामुळे.

आधी थोडक्यात इतिहास. येशू ज्यू घरात जन्मला, गालील प्रांतात त्याने उपदेश केला, रोमन अमलाखालच्या यरुशलेमात त्याला क्रुसावर चढवलं गेलं. तो तिसऱ्या दिवशी पुन्हा उठला, ही या धर्माची मुख्य श्रद्धा. म्हणून नाताळापेक्षाही ईस्टरचं महत्त्व मोठं. मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांची चार शुभवर्तमानं, प्रेषितांची पत्रं वगैरे मिळून नव्या कराराची २७ पुस्तकं होतात. १०५४ साली पूर्वेकडची आणि पश्चिमेकडची मंडळी वेगळी झाली, १५१७ नंतर मार्टिन ल्यूथरमुळे प्रॉटेस्टंट पंथ निघाले. आज जगात दोन अब्जांहून अधिक ख्रिस्ती आहेत. भारतात केरळची परंपरा तर थेट इसवी सन ५२ साली आलेल्या संत थॉमसचं नाव सांगते.

आता माझ्या आवडीच्या ठिकाणी येतो.

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला. सासष्टीत राहून तो मराठी शिकला आणि १६१६ साली रायतूरला त्याचं 'ख्रिस्तपुराण' छापून निघालं. जवळजवळ अकरा हजार ओव्या! पहिल्या पुराणात जुना करार, दुसऱ्यात येशूचं चरित्र. छपाई रोमन लिपीत झाली, पण कानाला ऐकू येते ती आपली ओवी: तीन चरण यमकात बांधलेले, चौथा आखूड. आमच्या आजीच्या पिढीतल्या बायका जात्यावर जी म्हणायच्या, त्याच कुळातली. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यातल्या ओव्या भाषणांतून सारख्या ऐकू येतात. मला मात्र आरंभीचा एक प्रसंग जास्त महत्त्वाचा वाटतो. एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो, आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरं पुराण का रचून देत नाही? या प्रश्नामागे गोव्यातली पाडलेली देवळं आणि हिरावून घेतलेल्या पोथ्या आहेत. ते दुःख बाजूला ठेवून नुसतं काव्याचं कौतुक करणं मला पटत नाही. तरीही पुराण ऐकायची सवय असलेल्या श्रोत्याला पुराणच द्यावं, हे स्टीफन्सने ओळखलं. ग्रंथ वाचताना समोर बसलेल्या कथेकऱ्याचा आवाज ऐकू येतो.

जे काम परक्याने सुरू केलं, ते घरच्या माणसाने पुरं केलं. नारायण वामन टिळक कोकणातल्या करजगावचे, जन्म १८६१चा. १८९३ साली आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाशी गाठ पडली, त्याने नवा करार हातात ठेवला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. घर हादरलं, पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या आणि पुढे १९०० साली स्वतःच्या निर्णयाने ख्रिस्ती झाल्या. ती सगळी घालमेल त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात आहे. माझ्या मते, धर्मांतरावर मराठीत इतकं निर्मळ दुसरं कुणी लिहिलेलं नाही. त्यात कुणावर राग नाही. ज्यांनी वाळीत टाकलं त्यांच्याबद्दलही नाही. अहमदनगरच्या त्यांच्या घरी बालकवी मुलासारखे वावरले, तेही यातूनच कळतं.

टिळक तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी पोचले, असं ते स्वतःच सांगत. म्हणून त्यांनी प्रार्थना लिहिल्या त्या अभंगांत. त्यांच्या आधीच कृष्णराव सांगळे ख्रिस्ती कीर्तन करीत होते. टिळकांनी त्या वाटेला मोठ्या कवीची ताकद दिली. त्यांच्या रचना 'उपासना संगीत'मधून आजही गायल्या जातात. मिरजेच्या एका उपासनेत मी त्या ऐकल्या. पेटी, तबला, झांज. पुढच्या ओळीत डोईवर पदर घेतलेल्या बायका, आणि ध्रुपद फिरून आलं की सगळी मंडळी एका सुरात. विठ्ठलाच्या देवळात वाढलेल्या माझ्यासारख्याला ताल धरायला कुणी शिकवावं लागलं नाही. आमच्याकडे यल्लम्माच्या जत्रेत कानडी आणि मराठी पदं एकाच मांडवात ऐकतो आपण, मग हेही आपलंच का वाटू नये?

टिळकांची शेवटची वर्षं आपल्या साताऱ्याची, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. परदेशी पैशावर आणि परदेशी थाटावर चालणारं चर्च या मातीत रुजणार नाही, असं त्यांचं ठाम मत. ते आश्रमासारखं काही उभं करू पाहत होते, गुरू मात्र एकच, ख्रिस्त. मिशनमधल्या अनेकांना हे पचलं नाही. मला ते त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत धाडसाचं पाऊल वाटतं, बाप्तिस्म्याहूनही मोठं; कारण यावेळी ते स्वकीय मानलेल्यांशीच वेगळं बोलत होते. काळाने दोनच वर्षं दिली. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते गेले. आपल्या देहाला अग्नी द्यावा, अशी त्यांची इच्छा होती.

येशूचं समग्र चरित्र सांगणारं 'ख्रिस्तायन' त्यांच्या हातून सुरुवातीच्या दहा-अकरा अध्यायांपर्यंतच आलं. राहिलेले ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. लग्नानंतर जेमतेम अक्षरओळख झालेल्या बाईने, म्हातारपणी, ओवीतच.