कंबरदुखी : तिची परीक्षा व उपाय

कंबरदुखी म्हणजे काय, हें शेतकरी बंधूंस सांगावयास नको. भाताची लावणी, भांगलण, उसाची तोडणी, पाठीवरील १६ लिटरांचा फवारणीचा पंप, नाहीं तर ट्रॅक्टरवरचे दिवसभराचे हिसके, यांपैकीं एक तरी प्रत्येकाच्या वांट्यास येतें. तरीहि परीक्षा न करितां उपाय करण्याची घाई आपल्याकडे फार. पंचनाम्यावांचून निकाल देऊं नये, हा आमच्या जुन्या दप्तरांतील नियम येथेंहि लागू आहे.

बहुतेक कंबरदुखी साधी असते. वाकून एकदम उठतांना उसण भरते, कूस वळतांना कळ येते. पण पायांत बळ असतें व ताप नसतो. ही बहुधा ४ ते ६ आठवड्यांत पुष्कळ कमी होते. दुसरी जात गृध्रसीची, जिला हल्लीं सायटिका म्हणतात. मणक्यांमधील गादी सरकून मज्जातंतूवर दाब पडला म्हणजे कळ गुडघ्याखालीं पावलापर्यंत जाते. रोग्यास उताणें निजवून, गुडघा न वाकवितां त्याचा पाय हळूहळू वर उचलावा. तीच कळ गुडघ्याखालीं उतरली, तर गादीचा संशय धरावा. हीहि बहुतेकांस शस्त्रक्रियेवांचून बरी होते, मात्र वेळ अधिक लागतो.

तिसरी जात क्वचित् आढळते, पण घातक. लघवी अडणें किंवा नकळत होणें, जांघेंत व बैठकीच्या जागीं बधिरपणा, पाय लुळे पडत जाणें, यांपैकीं एकहि लक्षण दिसल्यास सकाळची वाट न पाहतां मोठें रुग्णालय गांठावें. येथें हिशेब तासांचा असतो; उशीर झाल्यास लघवीवरील ताबा कायमचा जाऊं शकतो. निजूनहि न थांबणारी कळ, बारीक ताप व वजन घटणें हीं मणक्याच्या क्षयाचीं लक्षणें असूं शकतात. क्षय फुप्फुसांतच होतो अशी समजूत असल्यामुळें पाठीस महिनोन्महिने तेल चोळलें जातें आणि आंत मणका पोखरत जातो. या रोगाचीं औषधें सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात.

उसण भरली कीं पायाळू माणसाची लाथ खाण्याची चाल आहे. साधी उसण एरवींहि बरी झालीच असती; यश मात्र पायाळूच्या पदरीं पडतें. तीच लाथ म्हाताऱ्याच्या ठिसूळ हाडांवर किंवा क्षयानें पोखरलेल्या मणक्यावर बसली तर काय होईल, याचा विचार कोणी करीत नाहीं. डाग देण्याविषयीं तर बोलावयासच नको.

अंथरुणास खिळून राहण्याचा जुना उपदेश आतां मागें पडला आहे. एक-दोन दिवस विसांवा, शेक, आणि मग सोसेल तितकें चालणें, हाच आमच्या मतें उत्तम मार्ग. वेदनाशामक गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानें थोडे दिवसच घ्यावी. उन्हांत घाम गाळून पाणी कमी पिणाऱ्याच्या मूत्रपिंडास ती बाधते. बिननांवाच्या पुड्या घेऊंच नयेत.

युरियाचें पोतें आतां ४५ किलोंचें आहे. तें दोघांनीं मिळून, गुडघ्यांत वाकून, अंगालगत धरून उचलावें. उचलतांना कंबर पिळूं नये. पिकाच्या ओळींमधून सायकल कोळपें चालवावें. रोपांजवळची खुरपणी मात्र बायकांकडेच राहते. त्यांस तासातासानें उठून पाठ सरळ करूं द्यावी, आणि तेवढ्यासाठीं मजुरी कापूं नये.