पट्ट्यांची होडी : ओसरीतील काम आणि सागराची कसोटी

मलकापूरहून बुलढाण्याकडे जाताना वाटेत मोताळा लागते. अजिंठ्याच्या डोंगररांगांकडून उतरणारी नळगंगा याच तालुक्यात धरणाने अडवलेली आहे. पुढे ती पूर्णेला मिळते, पूर्णा चांगदेवजवळ तापीला मिळते आणि तापी सुरतेपलीकडे अरबी समुद्रात विलीन होते. मोताळ्याचे पाणी असे अखेरीस सागराला पोहोचते. पण कापूस, मका आणि सोयाबीन पिकवणाऱ्या या परिसरात होडी ही दुरून पाहण्याचीच वस्तू राहिली आहे. ती घरी, स्वतःच्या हातांनी बांधता येते, हा विचार रंधा-पटाशी चालवणाऱ्या माणसाच्याही मनात सहसा येत नाही.

तरी अशी एक पद्धत आहे. घराच्या ओसरीत किंवा मोटारीच्या शेडमध्ये लाकडाच्या बारीक पट्ट्या एकमेकींना चिकटवून तीत होडी उभी केली जाते. त्याच तत्त्वावर गोव्यात बांधलेल्या एका नावेने मराठी माणसाला एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा घडवली. छोटी होडी आणि ती मोठी नाव यांच्यातील नाते समजून घेण्यासारखे आहे.

कॅनू ही दोन्ही टोकांना निमुळती, वल्ह्याने चालवायची हलकी होडी. उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवासी ती भूर्जवृक्षाच्या सालीपासून करीत. एकोणिसाव्या शतकात कॅनडातील पीटरबरो आणि त्याच्या आसपासच्या कारागिरांनी तिला लाकडी पट्ट्यांचे रूप दिले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इपॉक्सी हे रसायन आणि काचतंतूंचे कापड यांची त्यात भर पडली व हे काम हौशी माणसाच्या आवाक्यात आले. टेड मूर्स यांच्या १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कॅनूक्राफ्ट’ या पुस्तकामुळे अनेकांना घरच्या घरी ही होडी बांधण्याची वाट सापडली.

या कामासाठी नावाजलेले लाकूड म्हणजे रेड सीडर. आपल्याकडे सीडर म्हटले की हिमालयातील देवदार आठवतो. पण रेड सीडर हा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील निराळ्या कुळातला वृक्ष आहे. त्याचे लाकूड अतिशय हलके, सरळ रेषांचे आणि सहजासहजी न कुजणारे असते. एका घनमीटर रेड सीडरचे वजन सुमारे ३७० किलो भरते, तर सागवानाचे सुमारे ६५० किलो. १६ फुटी कॅनूच्या अंगाचे क्षेत्रफळ ढोबळमानाने ६ चौरस मीटर आणि पट्टीची जाडी ६ मिलिमीटर धरली, तर सीडरचे लाकूड साधारण १३ किलो लागते, तेच सागाचे २३ किलो होते. दहा किलोंचा हा फरक होडी खांद्यावर घेऊन काठापर्यंत चालताना चांगलाच जाणवतो. शिवाय सागात नैसर्गिक तेल असल्याने त्याचे पृष्ठभाग नीट पुसून घेतल्याशिवाय ते विश्वासाने चिकटत नाही. परदेशी लाकूड न मिळाल्यास आपल्याकडील शिवणीचा विचार करता येतो. ते सागापेक्षा हलके असून वाळल्यावर फारसे वाकत नाही.

पट्टी का, फळी का नाही?

लाकूड जितके जाड तितके ते वाकवणे अवघड, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यामागचे गणित मात्र चकित करणारे आहे. जाडी चौपट झाली की वाकवण्यास लागणारे बळ चौपट नव्हे, चौसष्टपट होते. २४ मिलिमीटरच्या फळीला वाफ द्यावी लागेल तिथे ६ मिलिमीटरची पट्टी हाताच्या दाबाने वळते. एवढ्या एका गोष्टीमुळे मोठ्या कारखान्याचे काम ओसरीत येऊ शकते.

प्रथम होडीचे पूर्ण मापाचे आडवे छेद कागदावर काढतात आणि त्यांबरहुकूम प्लायवुडचे साचे कापतात. हे साचे सुमारे ३० सेंटिमीटरच्या अंतराने एका लांब, सरळ आधारावर उभे करतात. येथे सुतारी कामातील जुना शिरस्ता उपयोगी पडतो : सूत धरावे, ओळंबा सोडावा आणि खात्री झाल्याखेरीज पुढे जाऊ नये. एक साचा अर्ध्या सेंटिमीटरने सरकला, तर त्याची साक्ष होडी आयुष्यभर देते.

होडी पालथी बांधतात. पहिली पट्टी काठाच्या रेषेवर बसते आणि पुढच्या पट्ट्या तळाकडे चढत जातात. प्रत्येक पट्टीची एक कड गोल आणि दुसरी खोलगट केलेली असते. गोल कड खोलगट कडेत बसली की वळणावरही फट राहत नाही. दोन पट्ट्यांमध्ये पाण्याला टिकणारा सुतारी डिंक लावतात. अशा साठ-सत्तर पट्ट्या लागतात. नवख्या हाताने दिवसाला चार-सहा पट्ट्या बसल्या तरी पुष्कळ झाले. डिंक वाळेपर्यंत थांबावेच लागते. तेथे घाईला वाव नाही.

सर्व पट्ट्या बसल्यावर रंधा आणि सॅण्डपेपर यांनी अंग गुळगुळीत करतात. रेड सीडरचा भुसा दम्याला निमंत्रण देणारा असल्याने नाकातोंडावर चांगला मुखवटा हवाच. त्यानंतर काचतंतूंचे कापड अंथरून त्यावर इपॉक्सी ओततात. पांढरे कापड पाहता पाहता पारदर्शक होते आणि खालचे लाकूड उजळून निघते. मग होडी उलटी करून आतूनही तेच अस्तर चढवतात.

बळकटीचे रहस्य या दुहेरी अस्तरात आहे. छपराच्या लोखंडी गर्डरमध्ये वरची व खालची पट्टी ताण आणि दाब सोसते, तर मधला उभा भाग त्यांना एकमेकींपासून दूर ठेवतो. होडीत काचतंतूंची दोन अस्तरे ताण-दाब सोसतात आणि मधले लाकूड त्या उभ्या भागाचे काम करते. सहा मिलिमीटरची एकटी पट्टी गुडघ्यावर मोडता येईल. अस्तरांमध्ये बांधल्या गेलेल्या सत्तर पट्ट्या दोन-तीन माणसांचा भार सहज वाहतात.

विदर्भाचा उन्हाळा आणि इपॉक्सी

परदेशी पुस्तकांत थंडीशी कसे जुळवून घ्यावे हे सविस्तर असते. मोताळ्यात प्रश्न उलटा आहे. इपॉक्सीचे दोन घटक मिसळले की त्यातून उष्णता निर्माण होते. हवेचे तापमान दहा अंशांनी वाढले की ते सुमारे दुप्पट वेगाने घट्ट होते. मे महिन्यातील चाळीस-पंचेचाळीस अंशांत खोल भांड्यात कालवलेले मिश्रण हातातच तापून धुरू लागते. म्हणून थोडेथोडे कालवावे आणि लगेच पसरट थाळीत ओतावे. लवकर वाळावे म्हणून दुसऱ्या घटकाचे प्रमाण वाढवणे ही तर चूकच. त्याने अस्तर कायमचे कच्चे राहते. मापे वजनकाट्यावर घ्यावीत आणि हातमोजे विसरू नयेत.

आणखी एक बारकावा आहे. दिवस तापत असताना लाकडातील हवा प्रसरण पावून बाहेर पडते आणि अस्तरात बुडबुडे उठतात. ऊन उतरू लागल्यावर, संध्याकाळी काम केल्यास लाकूड उलट इपॉक्सी आत ओढून घेते. या कामाला लागणारे दोनशे-तीनशे तास रोज दोन तासांप्रमाणे चार-पाच महिन्यांत भरतात. दिवाळीनंतर आरंभ केला, तर होळीच्या सुमारास होडी पुरी होऊ शकते. अखेरीस तिला वॉर्निश द्यावे लागते, कारण इपॉक्सी पाण्याला दाद देत नसले तरी सूर्यप्रकाशाने खराब होते.

दिवाडी बेटावरील ‘म्हादेई’

या पद्धतीची खरी कसोटी मात्र तळ्यात झालेली नाही. भारतीय माणसाने शिडाच्या नावेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हे स्वप्न निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी बाळगले. निवृत्तीनंतर ते फलटणजवळच्या विंचुर्णीत राहत. मोताळ्याप्रमाणे विंचुर्णीलाही समुद्र नाही. नौदलातील कमांडर दिलीप दोंदे या मोहिमेसाठी पुढे झाले. नाव भारतातच बांधायची असे ठरले आणि ते काम गोव्यात दिवाडी बेटावरील रत्नाकर दांडेकर यांच्या ॲक्वेरियस कारखान्याकडे आले.

आराखडा नेदरलँड्सचा होता, लांबी ५६ फूट. नावेचे अंग रेड सीडरच्या पट्ट्यांचे, वर इपॉक्सी आणि काचतंतूंचे कापड. म्हणजे तत्त्व घरच्या कॅनूचेच. बांधणीत दोंदे प्रारंभापासून सहभागी होते. ज्या सांध्यांवर पुढे त्यांचा जीव विसंबणार होता, ते सांधे त्यांच्या डोळ्यांदेखत जुळले. गोव्याच्या नदीवरून ‘म्हादेई’ असे नाव दिलेली ही नौका फेब्रुवारी २००९ मध्ये नौदलात आली.

१९ ऑगस्ट २००९ रोजी दोंदे मुंबईहून निघाले. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ले आणि केपटाऊन असे चार मुक्काम करून ते मे २०१० मध्ये मुंबईला परतले. शिडाच्या नावेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय ठरले. त्यांना शौर्यचक्राने गौरवण्यात आले. त्याच नावेतून अभिलाष टॉमी यांनी १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३ या काळात कोठेही न थांबता प्रदक्षिणा केली. दांडेकरांच्या कारखान्यात त्याच आराखड्यावर पुढे ‘तारिणी’ बांधली गेली आणि तिच्यातून नौदलातील सहा महिला अधिकारी २०१७-१८ मध्ये जगाला वळसा घालून आल्या.

दक्षिण महासागरातील लाटांना नावेवर कोणाचे नाव आहे याच्याशी कर्तव्य नसते. एखाद्या सांध्यात डिंक कमी पडला असेल, तर ते त्या शोधून काढतात. रंग चढल्यावर सांधा कोणाला दिसत नाही. तो कसा जुळवला हे फक्त जुळवणाऱ्याला ठाऊक असते. दांडेकरांच्या कामगारांनी न दिसणारे काम चोख केले, म्हणूनच दिसणारा पराक्रम शक्य झाला.

नळगंगेच्या पाण्यावर एवढ्या लाटा उठत नाहीत. पण होडीत नातवंड बसले की जोखीम तितकीच मोठी असते. म्हणून घरी बांधलेल्या होडीच्या दोन्ही टोकांना हवाबंद कप्पे करावेत. ती पाण्यात नेण्यापूर्वी जलसंपदा विभागाची परवानगी घ्यावी, काठाजवळ उथळ पाण्यात तिची चाचणी करावी आणि अंगावर जीवरक्षक जाकीट असल्याखेरीज कोणालाही आत बसू देऊ नये, मग तो पट्टीचा पोहणारा का असेना.

गावोगावच्या सुतारांच्या हातात आजही सूत आणि ओळंब्याची शिस्त आहे, तर निवृत्तांच्या हाताशी वेळ आहे. दोघे एका शेडमध्ये चार महिने एकत्र आले, तर होडी तर होईलच. शिवाय शेजारची मुले येता-जाता थांबून पाहतील, एखादी पट्टी धरायला पुढे होतील आणि डिंक वाळेपर्यंत हात आवरायला शिकतील.