आरओटीसी स्कॉलरशिप आणि मेजरची निवड

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी पालकांनो, मुलांना सैन्यात अधिकारी व्हायचं असेल तर आरओटीसीची माहिती घ्याच. कॉलेज करता करता लष्करी प्रशिक्षण, स्कॉलरशिपमधून फीचा मोठा भार हलका, आणि पदवीनंतर काही वर्षं सेवा बंधनकारक. स्कॉलरशिपसाठी अमेरिकन नागरिकत्व लागतंच, ग्रीन कार्ड चालत नाही.

खरा पेच मेजरचा, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयाचा. आर्मी याबाबत बरीच सैल आहे. इतिहास घेतला तरी वाट बंद होत नाही. नेव्ही मात्र मेजरचे तीन गट करते: पहिल्यात मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, एरोस्पेससारखं इंजिनिअरिंग, दुसऱ्यात गणित, फिजिक्स, केमिस्ट्री, आणि तिसऱ्यात इतिहास, अर्थशास्त्र वगैरे उरलेलं सगळं. बहुतेक स्कॉलरशिप पहिल्या दोन गटांना जातात.

म्हणून काही जण अर्जात इंजिनिअरिंग लिहितात आणि मनात ठरवतात, 'नंतर बदलू'. हा शहाणपणा अंगाशी येतो! स्कॉलरशिप त्या गटाला बांधलेली असते. खालच्या गटात जायला परवानगी लागते, आणि नाही मिळाली तर स्कॉलरशिपच जाऊ शकते. शिवाय नेव्हीच्या मुख्य स्कॉलरशिपमध्ये इंग्रजी साहित्य घेणाऱ्यालाही कॅल्क्युलस आणि कॅल्क्युलसवर आधारित फिजिक्स चुकत नाही. मरीन कोअरच्या वाटेने जाणाऱ्यांना ही अट नाही. नर्सिंगची वाट वेगळी.

पायलट व्हायला एरोस्पेसच हवं, हा समजही सोडा. माझं मत विचाराल तर चार वर्षं चांगले मार्क टिकतील असाच विषय घ्या, कारण मार्क घसरले तरी स्कॉलरशिप धोक्यात येते.