दशम्यांचं गाठोडं आणि ओआरएसची पुडी

दिवाळी आटोपली. एरंडोलहून पुण्याला परतणाऱ्या गाड्यांच्या डिक्कीत एव्हाना फराळाचे डबे बसले असतील. पण मागच्या सीटवर तीन वर्षांचं पोर असेल, तर कासोदा, भडगाव, चाळीसगाव करत कन्नड घाट चढून होईपर्यंत चकली-शेव त्याच्या हाताला लागू देऊ नका. तळलेलं पोटात आणि घाटाची वळणं बाहेर, म्हणजे उलटी ठरलेली.

आपल्याकडे प्रवासाला दशम्या द्यायची रीत उगाच नाही. पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवलं की दुधातल्या स्निग्धांशामुळे दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते, कोवळ्या दातांना तुटते. गुळाची केली तर आणखी टिकते, कारण गूळ पाणी धरून ठेवतो आणि जंतूंना ते मिळत नाही. आई तव्यावरची दशमी कधीच एकावर एक रचत नाही. सुती फडक्यावर सुटी पसरते, हाताची मागची बाजू लावून पाहते आणि ऊब लागेनाशी झाली की मगच गाठ मारते. गरम रचलेल्या दशम्यांत वाफेचं पाणी होतं आणि दुपारपर्यंत त्यांना घामट वास सुटतो. ऑक्टोबरच्या उन्हात बंद गाडीत तर लवकरच.

सोबत केळी हवीत. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण प्रवासात तिचा खरा गुण म्हणजे सालीत बंद असलेला, कुणाचा हात न लागलेला घास. शेंगदाण्याची चटणी चालेल, अख्खे शेंगदाणे चार-पाच वर्षांखालच्या मुलांना अजिबात नकोत. ते श्वासनलिकेत अडकतात. आणि गाडी चालू असताना भरवू नका, पाच मिनिटं थांबा.

आता पाण्याबद्दल, म्हणजे जुलाब-उलट्यांत द्यायच्या ओआरएसबद्दल. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या १४ ऑक्टोबर २०२५ च्या आदेशाची बातमी अनेकांनी वाचली असेल: जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात यापुढे ‘ओआरएस’ नको. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी यासाठी आठ वर्षं लढा दिला. मला ही बाई फार मोठी वाटते. जुलाबाची पोरं तपासता तपासता त्यांनी पालकांच्या हातातली असल्या पेयांची खोकी पाहिली आणि गप्प बसल्या नाहीत. सूत्र अगदी नेमकं आहे: एक लिटर पाण्यात ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. एवढं ग्लुकोज मिठाला हाताशी धरून आतड्यातून पाणी रक्तात नेतं. साखर त्याच्या कितीतरी पट झाली की उलटं होतं, पाणी आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात.

गेल्या मे महिन्यात घाट ओलांडल्यावर भाचीला उलट्या सुरू झाल्या. वाटेतल्या दुकानातून आम्ही असंच एक खोकं घेतलं आणि तिला पाजलं. दर्शनी बाजूला मोठ्या अक्षरांत ओआरएस होतं. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत, हे त्या सूत्राचं नाही, असं लिहिलेलं. ते मी वाचलं पुण्यात पोचल्यावर, तोवर पोर मलूल होऊन पडलं होतं. असली अक्षरं छापायला परवानगीच कशी मिळाली, हा प्रश्न आदेश निघाला म्हणून संपत नाही. दुकानांतला जुना माल अजून कुठे कुठे असेल, तेव्हा नाव न पाहता सूत्र पाहा.

औषधाच्या दुकानातली पावडरची पुडी घ्या. ती किती पाण्यासाठी आहे हे पुडीवर असतं. काही लिटरच्या, काही २०० मिलीच्या. अर्धी पुडी अंदाजाने टाकू नका. कालवलेलं पाणी २४ तासांनंतर ओतून द्या. पाजताना चमच्याने, थांबून थांबून. घटाघटा दिलं की परत उलटी. पोर सुस्तावलं, लघवी होईनाशी झाली, तर वाटेतला पहिला दवाखाना गाठा.

उद्या पहाटे भाची निघते आहे. गाठोड्यात आठ दशम्या, सहा केळी, डबीत चटणी. दाराच्या कप्प्यात एक लिटरची मोकळी बाटली, चमचा आणि तीन पुड्या. पुड्यांवरची मुदत मी मघाशीच वाचून घेतली.