सावनेरच्या ठाण्यात दिलेली फिर्याद पुढे कुठे जाते?

सावनेर मध्य प्रदेशच्या सीमेजवळ आहे. सौसर, छिंदवाड्याकडे इथल्या लोकांचं नेहमी जाणं-येणं असतं. समजा, सौसरच्या बाजारातून कुणाची मोटारसायकल चोरीला गेली आणि तो सावनेरला परत आला. 'गुन्हा आमच्या हद्दीत नाही' असं म्हणून ठाणेदाराला त्याला परत पाठवता येत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. ती शून्य क्रमांकाने नोंदवून संबंधित ठाण्याकडे पाठवतात. लिहून घेतलेली फिर्याद वाचून दाखवायची, त्यावर सही घ्यायची आणि एफआयआरची प्रत लगेच, विनामूल्य द्यायची, हे पोलिसांचं काम आहे. ती प्रत घेतल्याशिवाय उठू नका. नोंद सीसीटीएनएस या संगणक प्रणालीत चढते, त्यामुळे ती ठाण्यापुरती राहत नाही, वरिष्ठांनाही दिसते.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. हाती कागद पडला म्हणजे गुन्हा दाखल झाला, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात तो कधीकधी 'एनसी'चा, म्हणजे अदखलपात्र नोंदीचा असतो. अशा प्रकरणात दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. कागदावर काय लिहिलंय, ते तिथेच विचारून घ्यावं. या नोंदींचा दैनंदिनी अहवालही आता दर पंधरवड्याला दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावा लागतो.

ठाण्यानं एफआयआर घेण्यास नकार दिला, तर तक्रार लिहून टपालानं नागपूर ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. तिथेही दाद लागली नाही, तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती कलम 193 मधली तरतूद. तपास कुठवर आला, हे पोलिसांनी फिर्यादीला किंवा पीडित व्यक्तीला 90 दिवसांच्या आत कळवायचं आहे. मोबाइलवर कळवलं तरी चालतं. आजवर तपास अधिकाऱ्याला शोधत हेलपाटे घालणं फिर्यादीच्या वाट्याला यायचं. शेतीची कामं सोडून खेड्यातून येणाऱ्या माणसाची त्यात मजुरी बुडते. कायद्यानं ही जबाबदारी आता ठाण्यावर टाकली आहे.

आत घेतलेल्या माणसाबद्दलही लपवाछपवी चालत नाही. अटक केलेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप प्रत्येक ठाण्यात ठळकपणे लावायचं, असं कलम 37 सांगतं. सर्वोच्च न्यायालयानं 2 डिसेंबर 2020 च्या निकालात ठाण्यांमध्ये सीसीटीव्ही बसवायला आणि चित्रण 18 महिने जपायला सांगितलं. तेवढी क्षमता मिळत नसेल, तर जास्तीत जास्त काळ, पण किमान 1 वर्ष. ठाण्यात मारहाण झाली असेल, तर चित्रण जपून ठेवण्याची लेखी मागणी उशीर न करता करावी.

एफआयआरची तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. 90 दिवस उलटूनही काही कळलं नाही, तर ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या.