तापाच्या गोळीचा प्रवास

ताप उतरला की गोळीचे काम संपले, असे आपण मानतो. शरीराचे काम मात्र तेव्हा अपुरेच असते. घरोघरी आढळणारी पॅरासिटामॉलची गोळी पाहा. ती जठरात विरघळते, पण रक्तात शोषली जाते ती मुख्यतः लहान आतड्यातून. म्हणून भरल्या पोटी तिचा गुण थोडा उशिरा येतो. आतड्यातील रक्त प्रथम यकृताकडे जाते. यकृत औषधाला इतर द्रव्यांची जोड देऊन ते पाण्यात विरघळण्याजोगे करते. मग मूत्रपिंडे ते लघवीवाटे बाहेर टाकतात. निरोगी प्रौढाच्या रक्तातील त्याचे प्रमाण सुमारे २ ते ३ तासांत निम्मे होते.

थोडा अंश मात्र विषारी रूप घेतो. यकृतातील ग्लुटाथायोन त्याला निष्प्रभ करते, पण हा साठा मर्यादित. मात्रा फार झाली की तो आटतो आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. दुर्दैव असे, की पहिल्या दिवशी रोग्याला पुष्कळदा काही जाणवतही नाही. प्रौढाने २४ तासांत ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या, ही सीमा ओलांडू नये. कृश, मद्यपी वा यकृतविकारी माणसांची सीमा डॉक्टरांनीच ठरवावी.

आम्हांस अधिक भय वाटते ते सर्दीच्या गोळ्यांचे. त्यांपैकी कित्येकींत पॅरासिटामॉल असतेच. तापासाठी एक, सर्दीसाठी दुसरी, अंगदुखीसाठी तिसरी घेणारा कदाचित एकच औषध तीनदा घेत असतो. वेष्टनावरची बारीक अक्षरे आजोबांना दिसत नसतील, तर नातवंडांकडून वाचून घ्यावीत. आमच्या शाळेतील सातवीची मुले ती सहज वाचतात.